गरी, खाडी आणि ऐंशीतले आजोबा
ज्येष्ठांना मासे गरवायला नेताना घ्यावयाची काळजी

वाचकहो, हिवाळा सुरू झाला की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, नाताळच्या सुट्टीत सगळे कोकणात चाललो आहोत. बाबांना होडीतून न्यायचे का?" विचारणारा मुलगा किंवा सून असते. ज्यांच्याविषयी प्रश्न आहे ते बाबा शेजारच्या खुर्चीवर गप्प बसलेले असतात. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले की उत्तर त्यांना काय हवे आहे ते समजते. आपण मात्र ते उत्तर त्यांच्या डोक्यावरून एकमेकांना देत असतो.

गेल्या काही वर्षांत किनाऱ्यावर एक नवी सहल रूढ झाली आहे. पूर्वी पर्यटक होडीत बसून डॉल्फिन पाहून परत येत. आता स्थानिक होडीवाले त्यांना खाडीत किंवा किनाऱ्यालगतच्या पाण्यात नेतात, हाती गरी देतात, आमिष कसे लावायचे ते शिकवतात आणि दोन-तीन तासांनी परत आणतात. खोल समुद्रात जाणे नाही, जाळी ओढणे नाही. एका जागी नांगर टाकून बसायचे आणि बोटावर दोरा धरून वाट पाहायची. दाभोळ, जयगड, विजयदुर्ग यांसारख्या खाड्या आणि मालवण तालुक्यातील देवबाग-तारकर्लीचा परिसर यासाठी फार सोयीचा आहे. देवबाग म्हणजे एका बाजूस अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूस कर्ली नदीची खाडी यांमधील वाळूची अरुंद पट्टी. समुद्राच्या बाजूस लाटा उसळत असल्या तरी खाडीच्या बाजूचे पाणी बहुधा संथ असते. म्हणूनच वृद्ध माणसाला पाण्यावर न्यायचे असेल, तर मी खाडीच सुचवते.

हा लेख अशाच एका सहलीच्या तयारीविषयी आहे. यातील बरेचसे मी पुस्तकांतून आणि तीस वर्षांच्या व्यवसायातून शिकले. सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र माझ्या वडिलांकडून शिकले, आणि तीही चूक करून.

"पुढच्या वर्षी बघू"

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, एक्याऐंशी वर्षांचे आहेत. बालपण खाडीकाठी गेले, नोकरी एस.टी.च्या आगारात हिशेब लिहिण्यात गेली. नोकरीसाठी घाटावर आले ते तिथेच राहिले. पण सुट्टीत गावी गेले की पहाटे गरवायला जायचे, हा त्यांचा नेम पंचाहत्तरीपर्यंत टिकला. मग हृदयाची शस्त्रक्रिया झाली, मधुमेह जुना होताच, पायांवर सूज येऊ लागली म्हणून लघवी वाढवणारी गोळी सुरू झाली. त्यानंतर तीन हिवाळे त्यांनी मला विचारले आणि तीनही वेळा मी म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू."

हे उत्तर किती घरांत दिले जाते, याची मला कल्पना आहे. ते प्रेमापोटी दिलेले असते. पण ऐकणाऱ्याच्या वयाला "पुढचे वर्ष" या शब्दाचा अर्थ वेगळा लागतो. चौथ्या वर्षी अण्णांनी विचारलेच नाही. दिवाळीत गावी गेलो, तेव्हा माळ्यावरची त्यांची लाकडी फिरकी, जिच्यावर ते तंगूस गुंडाळून ठेवत, ती त्यांनी शेजारच्या शाळकरी मुलाला देऊन टाकली. "मला आता काय करायची आहे?" एवढेच म्हणाले.

त्या दिवशी मी एक वैद्यकीय चूक ओळखली. धोका टाळणे म्हणजेच काळजी घेणे, असे मी मानून चालले होते. होडीत बसल्याने त्यांच्या हृदयाला किती धोका होता, हे मी एकदाही नीट तपासले नव्हते. फक्त "नको" म्हणाले होते. त्यांचे हृदयरोगतज्ज्ञ काय म्हणाले, ते ऐका: "संथ पाण्यात, सावलीत, पाठीला आधार घेऊन दोन तास बसायचे आहे ना? मग घरच्या ओट्यावर बसण्यात आणि यात हृदयाच्या दृष्टीने फार फरक नाही. चढणे-उतरणे आणि ऊन सांभाळा."

कोणी जावे, कोणी थांबावे

प्रत्येकाला हीच मोकळीक देता येणार नाही, हे स्पष्ट सांगते. अलीकडच्या काही आठवड्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, बसल्या जागी छातीत दुखत असेल, थोड्याशा श्रमाने धाप लागत असेल, फिट्स आटोक्यात नसतील, किंवा वारंवार भोवळ येऊन पडण्याचा इतिहास असेल, तर होडीचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांपैकी जे अनोळखी जागी घाबरतात आणि उठून चालू लागतात, त्यांनाही होडीत नेऊ नये.

इतरांनी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे सहलीपूर्वी आठ-दहा दिवस आधी जावे. रक्तदाब बसून आणि उभे राहून असा दोन्ही वेळा मोजून घ्यावा. उभे राहताच तो बराच उतरत असेल, तर होडीत भोवळ येण्याची शक्यता वाढते. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते, ते विचारावे. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सहलीसाठी म्हणून परस्पर बंद करू नयेत. गळाने बोट फाटले तर दहा मिनिटे घट्ट दाबून धरण्याची तयारी ठेवावी, इतकेच.

आणि ज्यांना होडी शक्य नाही, त्यांच्यासाठी धक्का आहे. भरतीच्या वेळी खाडीकाठच्या धक्क्यावर हाताची खुर्ची मांडून, डोक्यावर छत्री धरून गरी टाकता येते. पाणी तेच, मासेही बरेचसे तेच. याला दुय्यम मानू नका.

तिथी पाहा, वारा पाहा

आपल्याकडे मुहूर्तासाठी पंचांग पाहतात. या सहलीसाठीही पाहावे, आणि त्याला शास्त्रीय कारण आहे. किनाऱ्यावरचा जुना आडाखा असा की, तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला सहा वाजता, दशमीला साडेसात वाजता, सकाळी आणि तसेच संध्याकाळीही. हा अंदाज आहे. नेमकी वेळ होडीवाल्याला विचारावी.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. पाणी खूप चढते, खूप उतरते आणि खाडीच्या मुखाशी ओढ जोरात असते. अष्टमीच्या आसपास, ज्याला भांगाची भरती म्हणतात, त्या दिवसांत पाण्याचा चढउतार कमी आणि ओढही सौम्य. जाणते गरवणारे म्हणतील की पाण्याला ओढ असली म्हणजे मासा चांगला लागतो, आणि ते खरे आहे. पण ऐंशीच्या माणसाला नेताना दोन मासे कमी मिळाले तरी चालतील, होडी स्थिर हवी.

नवमी-दशमीची सकाळ मला सर्वांत योग्य वाटते. भरती सात-साडेसातच्या सुमारास येते. त्या वेळी पाणी धक्क्याच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत असते आणि होडीची कड पायाच्या जवळ येते. ओहोटीच्या वेळी याच धक्क्यावर शेवाळलेल्या चार-पाच पायऱ्या उतरून खाली जावे लागते, आणि त्या पायऱ्यांना चिकटलेली कालवे पात्याप्रमाणे कापतात. या सहलीतील बहुतेक अपघात मासे पकडताना होत नाहीत. ते होडीत पाय ठेवताना आणि होडीतून पाय काढताना होतात.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. सकाळी जमिनीकडून येणारे मतलई वारे मंद असतात. दिवस वर आला की समुद्राकडून खारे वारे सुरू होतात आणि पाण्यावर लाट उठते. म्हणून सूर्योदयानंतर निघावे आणि दहाच्या आत परतावे. पावसाळ्यात तर हा विषयच नको. जून-जुलैमध्ये यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, प्रवासी होड्याही बंद असतात. नारळी पौर्णिमा होऊन पाणी निवळेपर्यंत थांबावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

होडी आणि होडीवाला

होडी ठरवताना भाव करण्यापूर्वी काही प्रश्न विचारा. महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना आहे का? किती माणसांची परवानगी आहे? प्रत्येकाच्या मापाचे जीवरक्षक जाकीट आहे का? वर छत आहे का? पाठ टेकता येईल असे बाकडे आहे का? नसेल तर घरची प्लास्टिकची खुर्ची होडीत नेऊ नका, ती घसरते. जाड गादीची उशी न्या आणि होडीच्या मध्यभागी, कडेला पाठ लागेल अशी बैठक करा. मध्यभागी हेलकावे सर्वांत कमी जाणवतात.

जीवरक्षक जाकीट धक्क्यावरच घालावे आणि परत धक्क्यावर आल्यावरच काढावे. "खाडी उथळ आहे, कशाला?" असे कोणी म्हणाले तरी ऐकू नका. जाकिटाचे पट्टे बांधलेले हवेत. नुसते गळ्यात अडकवलेले जाकीट पाण्यात पडताच डोक्यावरून निघून जाते.

चढताना वृद्धाला हाताला धरून ओढू नये. एकाने होडीत आणि एकाने धक्क्यावर उभे राहावे. वृद्धाने आपल्या हाताने त्यांचे दंड धरावेत, आधी बसावे, मग पाय आत घ्यावेत. मांडीला मांडी लावून बसता येत नसेल तर तसे आधीच सांगावे. ऐकू कमी येत असेल तर होडीवाल्याला सांगून ठेवावे की आजोबांच्या समोर येऊन बोला. यंत्राच्या आवाजात पाठीमागून दिलेली सूचना त्यांना कळणार नाही. चष्म्याला दोरी बांधावी.

होडीत घरच्यांपैकी एका माणसाने गरी हातात घेऊ नये. त्याचे काम एकच: वृद्धाकडे लक्ष ठेवणे. मासा लागला की सगळे एका बाजूस धावतात, आणि नेमके त्याच क्षणी कोणीतरी उठून उभे राहते.

दशमीची सकाळ

ही सगळी तयारी आम्ही केली होती. गेल्या मार्गशीर्षात दशमी पाहिली, होडीवाला ओळखीचा निवडला, अण्णांची साखर पहाटे तपासली, नाचणीची भाकरी आणि अंडे असा नीट नाश्ता दिला. माझ्या पिशवीत रक्तदाबाचे यंत्र, ग्लुकोजची पूड, पट्ट्या, सारे होते. अण्णा, मी आणि माझे यजमान असे तिघे होडीवाल्यासह निघालो.

पहिला तास सुखाचा गेला. गेली दोन वर्षे चहाचा कप धरताना अण्णांचा हात थरथरतो. त्याच हाताने त्यांनी कोळंबी सोलून गळावर अशी चढवली की टोक आत लपले. शिसे तळाला टेकल्याची खूण त्यांना तर्जनीवर कळत होती; मला शेवटपर्यंत कळली नाही. एक शिंगाळा लागला, होडीवाल्याने तो सोडवून परत पाण्यात टाकला.

नऊच्या सुमारास अण्णांच्या दोऱ्याला जोराचा हिसका बसला आणि ते उठू लागले. होडीवाला ओरडला, "आजोबांनू, आदी बसा. मासो खंय पळान जाता?" पण अण्णा अर्धे उठले होते. चेहरा पांढरा पडला, डोळे वर गेले, आणि होडीवाल्याने त्यांच्या जाकिटाचा मागचा पट्टा पकडला म्हणून ते कडेवरून गेले नाहीत. आम्ही त्यांना फळीवर आडवे केले, पाय उशीवर उंच ठेवले. वरचा रक्तदाब नव्वद होता. साखर ठीक होती. पाच-सात मिनिटांत ते शुद्धीवर येऊन बोलू लागले, तेव्हा मी त्यांना विचारले, "अण्णा, पाणी किती प्यालात?"

ते काही बोलले नाहीत. मी पुन्हा विचारले. "काल जेवलो तेव्हा प्यालो," असे ते म्हणाले. म्हणजे रात्रभर आणि सकाळी काहीच नाही. शिवाय लघवी वाढवणारी गोळी मात्र त्यांनी न चुकता पहाटे घेतली होती, कारण मीच ती हातावर ठेवली होती.

का प्याले नाहीत, हे त्यांनी होडीत सांगितले नाही. संध्याकाळी ओट्यावर बसलो असताना, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "होडीत तू होतीस ना. मध्येच लघवी लागली असती तर काय केलं असतं?"

वाचकहो, त्या दिवसापर्यंत मी हजारो वृद्ध रुग्णांना विचारले असेल: रात्री किती वेळा उठता, धार बारीक झाली आहे का, कपडे ओले होतात का? पडदा ओढून, हलक्या आवाजात, संकोच न वाटेल अशा बेताने विचारले असेल. माझ्या वडिलांना मात्र मी विचारले नाही. मुलगी म्हणून मला ते सुचले नाही आणि मुलगी म्हणूनच त्यांना ते सांगता आले नाही. मी समुद्राची, उन्हाची आणि साखरेची तयारी केली होती. त्यांच्या लाजेची केली नव्हती.

लपवलेला प्रश्न

ही माझ्या एकट्या घरची गोष्ट नाही. प्रवासाला निघताना पाणी न पिणे, लघवीची गोळी परस्पर टाळणे, प्रोस्टेटच्या त्रासाविषयी किंवा स्त्रियांच्या बाबतीत खोकताना होणाऱ्या गळतीविषयी गप्प राहणे, हे वृद्धांमध्ये अत्यंत सामान्य आहे. यामागे अडाणीपणा नसतो. "माझ्यामुळे कोणाचा खोळंबा नको" ही भावना असते. पण वयानुसार तहान मंदावते, मूत्रपिंडाची पाणी राखून ठेवण्याची क्षमता कमी होते, आणि त्यात ऊन व गोळ्या यांची भर पडली की रक्तदाब उभे राहताच कोसळतो.

उपाय अवघड नाहीत. लघवी वाढवणारी गोळी त्या दिवशी परतल्यावर घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारावे. बऱ्याच रुग्णांना वेळ बदलून चालते, पण गोळी स्वतःच्या मनाने चुकवू नये. पाणी एकदम न पिता सकाळपासून थोडे थोडे प्यावे. ज्यांना हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिले आहे, त्यांनी त्या मापातच राहावे, आणि मीठ-साखरेचे पाणीही डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. निघण्यापूर्वी धक्क्याजवळच्या घरी शौचालयाची सोय आहे का ते पाहून ठेवावे. रुंद तोंडाची बाटली, आडोशाला एक चादर, स्त्रियांसाठी शोषक चड्डी आणि बदलायचे कपडे सोबत घ्यावेत. दर तासाने होडी काठाला लावायची, हे होडीवाल्याशी आधीच ठरवावे. आणि सोबत कोणी यावे, हे त्या वृद्धालाच विचारावे. वडिलांसोबत जावई सोयीचा असेल, आईसोबत सून नव्हे तर तिची बहीण सोयीची असेल. आपल्याला राग येऊ देऊ नये.

मधुमेह, मळमळ, ऊन

मधुमेहींनी उपाशी निघू नये. साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन नाश्ता राहिला, तर घाम, थरथर, गोंधळलेले बोलणे सुरू होते, आणि होडीत ते "होडी लागली" असे समजून दुर्लक्षिले जाते. शंका येताच साखर मोजा. सत्तरच्या खाली असेल, किंवा मोजता येत नसेल, तर माणूस शुद्धीवर असताना तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, मग खायला द्या. गुंगीत असलेल्याच्या तोंडात काही घालू नका. इन्सुलिन उन्हात ठेवू नका.

होडी लागू नये म्हणून अनेकजण दुकानातून गोळी आणून देतात. वृद्धांच्या बाबतीत हे जपून करावे. या गोळ्यांपैकी बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते, तोल जातो, तोंड कोरडे पडते, काचबिंदूच्या काही रुग्णांना त्रास होतो आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते. डॉक्टरांना विचारल्याखेरीज देऊ नका. त्याऐवजी हलका नाश्ता, मध्यभागी बैठक, तोंडात आल्याचा तुकडा आणि नजर दूरच्या काठावर, एवढ्याने खाडीत बहुतेकांचे भागते. सतत खाली वाकून गळ बांधत बसल्याने मळमळ वाढते. ते काम होडीवाल्याकडे द्यावे.

उन्हासाठी रुंद कडेची, हनुवटीखाली बांधता येणारी टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सुती सदरा. छत असले तरी पाण्यावरून परावर्तित होणारे ऊन खालून लागते, हे ध्यानात ठेवा.

गळ, काटे आणि विषारी मासे

गळाच्या टोकामागे उलटा काटा असतो. तो बोटात शिरला तर ओढून काढू नका, मांस फाटते. दोरा कापा, गळ हलणार नाही अशी पट्टी बांधा आणि डॉक्टरांकडे या. डोळ्याजवळ गळ लागला तर त्याला स्पर्शही न करता, डोळ्यावर दाब न देता तातडीने रुग्णालय गाठा.

शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही कडांचा काटा विषारी असतो. पाकटाच्या शेपटीचा काटा त्याहून वाईट. हे मासे होडीवाल्यालाच सोडवू द्या. काटा लागलाच, तर जखम स्वच्छ धुऊन तो हात किंवा पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवावा. उष्णतेने त्या विषाची वेदना उतरते. मात्र मधुमेहाने बधिर झालेल्या हातापायांना चटका कळत नाही, म्हणून पाणी आधी काळजी घेणाऱ्याने आपल्या हाताने पाहावे. काट्याचा तुकडा आत राहू शकतो, त्यामुळे नंतर डॉक्टरांना दाखवणे आवश्यकच. छातीत, पोटात काटा लागला किंवा रक्त थांबत नसेल, तर गरम पाण्यात वेळ न घालवता थेट रुग्णालयात जावे.

खाऱ्या पाण्यातल्या लहानशा जखमेकडेही दुर्लक्ष नको. मधुमेही आणि यकृताचे आजार असलेल्यांमध्ये खाऱ्या पाण्यातील काही जंतू फार वेगाने पसरतात. काही तासांत जखमेभोवती लाली वाढत गेली, जखमेच्या मानाने वेदना फार असली, फोड किंवा ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका. पायांत बंद, न घसरणारे पादत्राण असावे. अनवाणी तर नकोच.

गरीला कधी पोट फुगवणारा केंड मासा लागतो. नातवंडांना त्याची गंमत वाटते. पण तो विषारी आहे, खायचा नाही.

निघण्यापूर्वीची यादी

• गोळ्यांची चिठ्ठी, डॉक्टरांचा आणि घरच्यांचा क्रमांक, जाकिटाच्या खिशात पाणी न लागेल अशा पिशवीत
• रक्तदाब व साखर मोजण्याची यंत्रे, ग्लुकोज, बिस्किटे
• पिण्याचे पाणी, लघवीसाठी बाटली, चादर, सुके कपडे
• पट्टी, स्वच्छ कापड, तंगूस कापायची कात्री
• गरम पाण्याचा थर्मास
• मोबाइल पूर्ण भरलेला. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि समुद्रावरील संकटात तटरक्षक दलाचा १५५४

पुन्हा एकदा

माघात आम्ही परत गेलो. अण्णांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी गोळीची वेळ दुपारची करून दिली. या वेळी होडीत माझे यजमान आणि माझा भाचा गेले. होडीवाल्याने मागच्या बाजूस जुन्या लुगड्याचा आडोसा बांधला होता. मी धक्क्यावर बसले. खरे सांगते, ते दोन तास मला लांब वाटले, आणि डॉक्टर असून आपण काठावर आहोत, याचे थोडे वाईटही वाटले. परत आले तेव्हा टोपलीत एक तांबोशी आणि दोन काळुंदरे होती. भाच्याने सांगितले की आजोबांनी बाटलीभर पाणी संपवले आणि दोनदा आडोशामागे जाऊन आले. शेजारच्या मुलाने लाकडी फिरकी परत आणून दिली होती. अण्णांनी ती घेतली नाही. पण तंगूस तिच्यावर कसे गुंडाळायचे, ते त्याला बसवून दाखवले.

पुढच्या हिवाळ्यात ते जाऊ शकतील की नाही, मला माहीत नाही. पायांची सूज हळूहळू वाढते आहे. कदाचित पुढच्या वेळी खुर्ची धक्क्यावर मांडावी लागेल.

आपल्या घरी कोणी असे गप्प बसले असेल, तर आज त्यांना दोन प्रश्न विचारा. पहिला, "तुम्हाला जायचे आहे का?" आणि दुसरा, एकांतात, योग्य माणसाने, हलक्या आवाजात: "जाताना तुम्हाला कशाची अडचण वाटते?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लगेच मिळणार नाही. थोडे थांबा, आणि पुन्हा विचारा.